पोटाचे डॉक्टर आणि तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या

आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरच्या उजव्या हाताला एक तार होती. खाली लाकडी ठोकळा, वर टोक. गिऱ्हाईक चिठ्ठी विसरून गेलं की ती त्या तारेला टोचायची. १९८८ साली शेजारच्या माडीवर पोटाच्या डॉक्टरांनी दवाखाना थाटला आणि ती तार लवकर लवकर भरायला लागली. आता त्यांनी दवाखाना बंद केला. सत्काराच्या निमित्तानं स्मरणिका निघणार, तेव्हा मीही चार शब्द लिहावेत असं ठरलं. स्वभावाबद्दल, हातगुणाबद्दल बाकीचे लिहितीलच. मी औषधं विकणारा माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या चिठ्ठीवरची औषधं कशी बदलत गेली आणि का बदलली, एवढंच मला नीट सांगता येईल. मी चौकस होतो आणि डॉक्टरांना समजावून सांगायचा कंटाळा नव्हता, त्यामुळे त्यातलं बरंचसं मला कळलंही.

सुरुवात 'पित्त' या शब्दापासून करावी लागेल, कारण डॉक्टरांचं निम्मं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलं. "पित्ताची गोळी द्या" म्हणत माणूस काउंटरशी येतो. सांगलीत हा शब्द निदान चार आजारांना चालतो. घशाशी आंबट पाणी येतं, छातीत जळजळतं, ते पित्त. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, उलटी झाली की मोकळं वाटतं, तेही पित्त. खरं तर ती बहुतेक वेळा अर्धशिशी असते आणि उलटी हे तिचं लक्षण असतं, कारण नव्हे. अंगावर गांधी उठतात, आजी आमसुलाचं पाणी लावते, तेही पित्तच. आणि उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत निघते, सोनोग्राफीत खडे दिसतात, ते पित्ताशयाचं दुखणं. या चौघांत यकृतात तयार होणारा तो हिरवट-पिवळा पित्तरस प्रत्यक्ष सामील आहे फक्त शेवटच्यात. जळजळ होते ती जठरातल्या आम्लानं. आयुर्वेदातलं पित्त ही आणखी वेगळी आणि मोठी कल्पना, तिच्यात मी पडत नाही.

डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "पित्त शब्द बाहेर चपलांपाशी ठेवून या. कुठं दुखतंय ते बोटानं दाखवा. कधी दुखतंय ते घड्याळात सांगा."

यात नुसता शब्दांचा हट्ट नव्हता. जठर आणि हृदय यांच्यामध्ये एक पातळ पडदा, बस्स. हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला तर तो पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात दुखतो. पन्नाशीचा माणूस, साखर आहे, घाम फुटलाय आणि "गॅस धरलाय" म्हणत छातीच्या मधोमध तळवा ठेवून आला, की डॉक्टर पोटाला हातही न लावता आधी ईसीजी काढायला पाठवायचे. मलाही ताकीद होती: असा माणूस थेट दुकानात आला तर सोडा द्यायचा नाही, रिक्षा बोलवायची.

आता आम्लाकडे वळू. जठरात रोज साधारण दीड-दोन लिटर रस पाझरतो आणि तो लिंबापेक्षाही आंबट असतो. अन्नाबरोबर आलेले जंतू मारायचे आणि डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं फोडायला घ्यायची, हे त्याचं काम. मग मटण पचवणारं हे आम्ल जठरालाच का पचवत नाही? जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, ओल्या दगडावरच्या शेवाळासारखा. त्या थरात आपल्या खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार सतत झिरपत असतो आणि आम्ल भिंतीला टेकायच्या आधीच मारलं जातं. शिवाय भिंतीच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. हे सगळं नीट चाललं तर माणूस मिसळीवर तर्री मागतो आणि काही होत नाही. संरक्षण कुठं फाटलं, की तिथं व्रण पडतो. तोच अल्सर. जठरात पडतो किंवा जठराला लागून लहान आतडं सुरू होतं त्या पहिल्या वितीत.

माझ्या मामाला तो आतड्याच्या तोंडाशी होता. मामा तासगाव तालुक्यातला शेतकरी. रात्री दोनच्या ठोक्याला उठून बसायचा. उशाशी ग्लुकोजची बिस्किटं, दोन खाल्ली की कळ थांबायची. पोट रिकामं असताना दुखणं आणि खाल्ल्यावर थांबणं ही आतड्याच्या अल्सरची खूण. डॉक्टर घड्याळ का विचारायचे ते मला मामामुळं कळलं. आजीची समजूत मात्र वेगळी होती. "रातच्याला काय तरी दिसतंय त्याला," म्हणायची.

१९७४ साली मामाचं ऑपरेशन झालं, मिरजेत. त्या काळी मिरज म्हणजे ऑपरेशनचं गाव. सर विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली उभं केलेलं मिशन हॉस्पिटल तिथं होतं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि दूरदूरची माणसं पथारी घेऊन यायची. अल्सरवर तेव्हा दूध, सोडा आणि नाहीच जमलं तर सुरी असा क्रम असायचा. ऑपरेशन कसलं, ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. आम्ल तयार करणाऱ्या पेशी म्हणजे विहिरीवरची मोटर समजा. तिला चालू करणाऱ्या तीन वायरी आहेत: एक मेंदूकडून येणारी नस, दुसरी हिस्टामिन नावाचं रसायन, तिसरी जठरातच तयार होणारं एक संप्रेरक. सर्जन पहिली वायर कापायचे. पण तीच नस जठराची हालचालही सांभाळते. ती गेली की अन्न पुढं सरकेना, म्हणून जठराला खालच्या आतड्याशी नवी वाट जोडून द्यायचे.

मामाचा अल्सर बरा झाला. त्याची किंमत वेगळीच निघाली. जठराच्या तळाशी एक दार असतं, ते आतड्यात एकेक घास मोजून सोडतं. नव्या वाटेला दार नाही. गोड खाल्लं की सगळं एकदम आतड्यात कोसळतं, तिथं शरीरातलं पाणी खेचलं जातं, आणि पंधरा-वीस मिनिटांत मामाला घाम, धडधड, गरगर. आडवं पडलं की अन्न जरा सावकाश उतरतं आणि बरं वाटतं. पन्नास वर्षं झाली, मामा पंगतीत जिलेबी घेत नाही आणि हात धुतले की भिंतीकडेला पडतो. नव्या पिढीला वाटतं म्हातारा आळशी आहे. गावोगाव त्या वयाच्या पुरुषांच्या पोटावर बेंबीच्या वर तो उभा वण दिसायचा. सदरा काढून हौदावर अंघोळ करताना मी कितीतरी पाहिलेत.

आमच्या डॉक्टरांच्या पहिल्या वर्षीच्या चिठ्ठ्यांवर पातळ औषधं दिसतात. जेल्युसिल, डायजिन. गुलाबी, पुदिन्याच्या वासाची. हे म्हणजे पाटात आलेलं पाणी बादलीनं उपसणं: तयार झालेलं आम्ल मारतं, लगेच बरं वाटतं, तासा-दोन तासांनी मोटर आहेच. दुधाचंही तेच. दूध आधी थंड वाटतं आणि मग जठराला आणखी आम्ल सोडायला लावतं.

त्याच चिठ्ठ्यांवर दुसऱ्या ओळीत गोळ्या दिसू लागतात. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या डोक्यातून सुरीशिवाय वायर तोडायची युक्ती निघाली होती. हिस्टामिन ज्या खाचेत बसून मोटर चालू करतं, त्या खाचेत आधीच दुसरं काहीतरी बसवून ठेवायचं. १९७६ साली सिमेटिडिन बाजारात आलं आणि थोड्या वर्षांत रॅनिटिडिन. ब्लॅक यांना नोबेल मिळालं १९८८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी पाटी लावली. मग नव्वदच्या दशकात ओमेप्राझोल. ती गोळी वायरींच्या भानगडीतच पडत नाही, मोटरच बंद करते. चिठ्ठी हळूहळू लहान झाली आणि पोटावर वण घेऊन येणारे तरुण दिसेनासे झाले.

पण एक गोष्ट खटकत होती. महिना-दीड महिना गोळी घेतली की अल्सर भरायचा, गोळी थांबवली की वर्षाच्या आत बहुतेकांचा परत यायचा. माझ्या धंद्याला ते बरंच होतं, खोटं कशाला बोलू. डॉक्टर मात्र वैतागायचे.

तेव्हा त्यांनी दुर्बीण घेतली. आपल्याकडे एंडोस्कोपी कोणी म्हणत नाही, "दुर्बीण घातली" म्हणतात. तिची गोष्ट डॉक्टरांना फार प्रिय. जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरानं १८६८ साली माणसाच्या जठरात सरळ नळी घालून पाहिली, आणि त्यासाठी माणूस धरला तलवार गिळणारा, जत्रेतला! सामान्य माणसाचा घसा तेवढा सरळ होत नाही. प्रकाशाला वळवता येईल अशी नळी हवी होती. काचेच्या केसाएवढ्या धाग्यांच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येतं हे १९५४ मध्ये लंडनमध्ये दाखवणाऱ्या दोघांपैकी एक आपला पंजाबातल्या मोग्याचा नरिंदरसिंग कपानी, दुसरे त्याचे प्राध्यापक हॉपकिन्स. तीन वर्षांनी अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी तशी नळी तयार करून आधी स्वतःच्याच घशात घातली आणि मग पेशंटच्या. आज घराघरांत इंटरनेट येतं ते याच काचेच्या धाग्यांतून. कपानींना पद्मविभूषण मिळालं २०२१ मध्ये, ते वारल्यावर. सत्काराच्या बाबतीत आपण लोक असेच.

डॉक्टरांच्या पहिल्या दुर्बिणीला पडदा नव्हता. एक डोळा मिटून भिंगातून बघायचं, आणि दिसेल ते एकट्या डॉक्टरांना. एकदा पेशंटच्या परवानगीनं त्यांनी मला डोळा लावू दिला. आत ओली, शेंदरी, सुरकुत्या पडलेली गुहा, आणि तिच्या भिंतीवर पावलीएवढा पांढरट खड्डा, कडा सुजलेल्या. मी हजारो गोळ्या विकल्या होत्या, अल्सर पहिल्यांदा तेव्हा पाहिला.

आता गोष्टीचा खरा गाभा. ऑस्ट्रेलियात पर्थच्या हॉस्पिटलात रॉबिन वॉरन यांना अशा जठरांच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते. जठरात जंतू राहूच शकत नाहीत हे तेव्हाचं शास्त्र, त्यामुळे कोणी मनावर घेईना. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना मिळाला. प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायचा प्रयत्न वारंवार फसला, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की बश्या टाकून द्यायचे. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत बश्या चुकून पाच-सहा दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तो मंदगतीनं वाढणारा होता, एवढंच. तरीही लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दुर्बिणीत जठराला सूज. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टर नुसतं 'पायलोरी' म्हणायचे.

आम्लात तो जगतो कसा? रक्तातून जठरात थोडा युरिया येत असतो. हा जंतू तो फोडून अमोनिया करतो आणि त्या क्षाराचं कवच आपल्याभोवती धरून बुळबुळीत थराखाली जाऊन बसतो. तिथं वर्षानुवर्षं सूज ठेवतो. याच गुणावरून त्याला पकडता येतं. दुर्बिणीतून तिळाएवढा तुकडा काढायचा आणि युरिया घातलेल्या पिवळ्या चकतीत टाकायचा. जंतू असला तर अमोनिया होतो आणि पिवळ्याचा राणी रंग होतो. डॉक्टरांच्या टेबलावर पेपरवेटशेजारी ही चकती असायची आणि पेशंटचे नातेवाईक तिच्याकडे दहावीच्या निकालासारखे बघत बसायचे.

उपाय सोपा निघाला. दोन जंतुनाशकं आणि मोटर बंद करणारी गोळी, साधारण १४ दिवस. आता आपल्याकडे जंतू काही औषधांना दाद देत नाही, म्हणून पुष्कळदा बिस्मथ नावाचं आणखी एक औषधही जोडतात. कोर्स मधे सोडायचा नाही, आणि आम्लाची गोळी चालू असताना तपासणी करायची नाही, नाहीतर जंतू असूनही चकती पिवळीच राहते. हा जंतू आपल्याकडे निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात असतो, लहानपणीच शिरतो, आणि बहुतेकांना काही त्रास देत नाही. थोड्यांना अल्सर होतो, त्याहून थोड्यांना पुढं जठराचा कर्करोग. म्हणून "मलाही तपासा" म्हणत सगळ्या गल्लीनं रांग लावायची गरज नसते.

डॉक्टरांचा मोठेपणा मला इथं दिसला. पहिली सात-आठ वर्षं ते स्वतःच पेशंटला सांगत होते की अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो. छापील कागद होता तसा, मीच वाटलेला. तिखटानं असलेला अल्सर झोंबतो, पण बहुतेक वेळा तो पाडतो जंतू किंवा दुखण्यावरची गोळी. हे पटल्यावर त्यांनी उरलेले कागद माझ्याकडून परत मागवले, जुनी रजिस्टरं काढली आणि ज्यांना वर्षानुवर्षं गोळीवर ठेवलं होतं त्या पेशंटना पोस्टकार्डं घातली. 'आपला आजार नव्याने तपासायचा आहे. फी नाही.' शंभरेक असतील. पत्ते लिहायला माझा मुलगा बसला होता.

दुखण्यावरच्या गोळीचं म्हटलं, ती माझी लाज आहे, सांगून टाकतो. उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून चढवायच्या. कंबर धरली की काउंटरशी येतात, दोन रुपयांत गोळी मागतात. एका तरुणाला मी अशी पट्टीच्या पट्टी दिली, चिठ्ठीशिवाय. रिकाम्या पोटी, चहावर घेत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली. काळं म्हणजे आम्लानं जळलेलं रक्त. शी डांबरासारखी काळी आणि चिकट होते तेव्हाही तेच, मग ताबडतोब दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट आणि घाण वासाची नसते. दुखणं थांबवणारं औषध जी रसायनं बंद करतं, तीच जठराचा तो बुळबुळीत थर राखत असतात, म्हणून हे होतं. गोळी जेवणावर घेतली म्हणजे धोका टळला असंही नाही. तो वाचला. डॉक्टर दुपारी खाली आले, काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "मालक, गोळी कुणी दिली ते मी विचारणार नाही." तेवढंच. त्या दिवसापासून माझ्याकडे चिठ्ठीशिवाय ती गोळी मिळत नाही.

अलीकडची दहा-पंधरा वर्षं त्यांचं भांडण होतं ते ओमेप्राझोल आणि तिच्याच जातीच्या पँटोप्राझोल या गोळीच्या अतिरेकाशी. लग्नाचं जेवण झालं की लोक ती मुखवासासारखी घेतात. ती तशी चालतच नाही. मोटर चालू होत असताना रक्तात असेल तरच ती पकडते, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. आग पडल्यावर घेऊन लगेच उपयोग नाही, तिथं जुनं गुलाबी औषधच बरं. वर्षानुवर्षं विनाकारण घेतली तर ब-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, आणि आम्लानं मरायचे ते जंतू आतड्यापर्यंत पोचतात. एकदम सोडली तर काही दिवस उलट जास्त जळजळतं आणि माणसाला वाटतं, बघा, गोळी लागतेच. डॉक्टर ती हळूहळू उतरवायचे: रोज एक, मग एकाआड एक, मग नाही. रक्त पातळ करणारी किंवा संधिवाताची औषधं चालू असलेल्यांना मात्र ती संरक्षण म्हणून मुद्दाम देतात, तेव्हा वाचून लगेच कुणी आपली बंद करू नये.

महापुराचं सांगितल्याशिवाय डॉक्टरांचं पुरं होणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमची गल्ली बुडाली, दवाखान्याची माडी तेवढी वर. पाणी उतरल्यावर ते शाळेतल्या छावणीत बसले, समोर मिठा-साखरेचे डबे. जुलाबात पाणी जातं, आणि नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते नीट घेत नाही. आतड्याच्या भिंतीत एक दरवाजा असा आहे की मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतो, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते चारच्या खाली आले. त्यांचंही पद्मविभूषण मरणोत्तर, २०२३. या मिश्रणाची तयार पुडी (ओआरएस) मिळाली तर अख्खी एक लिटर पाण्यात एकदम घालायची, चिमूटभर काढून पेल्यात नाही. घरी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. छावणीत बायका म्हणायच्या, "साखर घातली तर जुलाब वाढतील की वो डॉक्टर." ते दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

सत्कार झाला रविवारी. भाषणं लांबली, मग पंगत. मामाला मी मुद्दाम आणलं होतं, कारण ते पोस्टकार्ड त्यालाही गेलं होतं आणि दुर्बीण घालून झाल्यावर डॉक्टर त्याला म्हणाले होते, "तुमचं दार परत बसवता येत नाही, काका." त्याच्या पानात कोणीतरी जिलेबी वाढली. त्यानं ती शेजारच्या पोराच्या पानात सरकवली, दोन पुऱ्या खाल्ल्या, हात धुतला आणि आडवं व्हायला जागा शोधत उभा राहिला. हॉलमध्ये सगळीकडे माणसं. डॉक्टरांनी फोटोवाल्यांना थांबवलं, तीन खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं मांडल्या, अंगावरची शाल काढून तिची घडी केली आणि डोक्याच्या बाजूला ठेवली.

"पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "उठायची घाई करू नका."